नारळ दिल्याच्या तारखेपासून

मी, वर्षाली दामाजी नाखवा, वय सत्तावीस, धंदा वकिली, मूळ राहणार खारबंदर कोळीवाडा, सध्या राहणार भाड्याची खोली, दिवा पूर्व, जिल्हा ठाणे, आज हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. अशा कागदाच्या सुरुवातीला 'कोणाच्याही दडपणाखाली नाही' असं लिहायची रीत आहे. ते माझ्या बाबतीत खोटं होईल म्हणून मी लिहीत नाही. माझ्यावर दडपण आहे. पण ते मी काहीच लिहू नये यासाठी आहे. त्याला न जुमानता लिहिलेला कागद राजीखुशीचाच धरावा.

डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला मी कल्याणच्या डॉक्टरांकडून घेतला आहे. त्यांनी आधी माझ्या मागे दाराकडे पाहिलं. त्यांना वाटलं, मी कोणा म्हाताऱ्या माणसाला घेऊन आले आहे.

"मृत्युपत्र कोणाचं?"

"माझं."

त्यांनी चष्मा काढला. "लग्नबिग्न ठरलंय का? नवरीच्या डोक्यात काहीही येतं."

"नाही डॉक्टर, दावा ठरलाय."

ते हसले, मग माझ्याकडे पाहून हसायचे थांबले आणि सही केली. दाखला सोबत जोडला आहे.

कारण थोडक्यात असं. उद्या सोमवारी मी आणि माझी आई ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात काळुराम शेठ यांच्याविरुद्ध दावा दाखल करणार आहोत. त्यांचं आडनाव इथे मुद्दाम लिहीत नाही. दिव्यात ते एवढ्याच नावाने ओळखले जातात, आणि मृत्युपत्रात पूर्ण नाव ज्याला काही द्यायचं असतं त्याचं लिहितात. दावा शुक्रवारी संध्याकाळी टाइप होऊन तयार झाला. शनिवार-रविवार कोर्ट बंद. या दोन दिवसांची मला भीती वाटते. मी उद्या कोर्टाच्या पायऱ्या चढले तर हा कागद कपाटात पडून राहील. नाही चढले तर यातलं प्रत्येक कलम पाळलं जावं.

१. माझी माणसं. आई शेवंती, दिव्याच्या बाजारात मासे विकते. थोरला भाऊ दिपेश, त्याला मी दादूस म्हणते. त्याची बायको प्राप्ती, आणि त्यांची मुलगी पायल, वय आठ. वडील दामाजी डिसेंबर २०२४ मध्ये खाडीत गेले. तेव्हा ओहोटी होती, पाणी गुडघ्याएवढं. पोलिसांच्या कागदावर अपघात असं आहे. ज्याला पुरावा नाही ते मी लिहिणार नाही. एवढंच लिहिते की त्या चिखलात पाय कुठे टाकायचा आणि कुठे नाही, हे बाबांनी आम्हा दोघांना शाळेत घालायच्या आधी शिकवलं होतं.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. निकालाच्या दिवशी बाबांनी बाजारातल्या प्रत्येक कोळणीला सांगितलं की माझी पोरगी आता जज्ज झाली. मी म्हटलं, बाबा, वकील. ते म्हणाले, "आज वकील, उद्या जज्ज. भरती काय एकदम येतंय का?"

२. मी काय मागे ठेवते. घर नाही, दागिना नाही. बँकेत आहे ते सगळं आईचं, त्यात कोणी वाटा मागू नये. माझ्याजवळ मोलाची एकच गोष्ट आहे. ती म्हणजे वडिलांमागे मला आलेला तिसरा हिस्सा: खारबंदरच्या जागेतला, आणि त्या जागेबद्दल झालेला करार पुरा करून मागण्याच्या हक्कातला. हक्क डोळ्यांना दिसत नाही, तरी तो वारसाला मिळतो. म्हणून तो मृत्युपत्रात लिहिता येतो.

करार २०१७ सालचा आहे. काळुराम शेठ शेजारच्या गावचे, बाबांबरोबर खाडीत पोहायला शिकलेले. आधी त्यांचा रेतीचा धंदा होता, मग बांधकामाचा. आमचं घर आणि पुढची मोकळी जागा त्यांनी टॉवरसाठी घेतली. बदल्यात एक फ्लॅट, आणि इमारत उभी राहिल्यावर पाण्यापर्यंत बारा फुटांची वाट आणि जवळा सुकवायला, जाळी पसरायला मोकळी जागा. बंदरावरच्या अकरा होड्या त्याच वाटेने उतरायच्या, म्हणून बाबांनी हट्टाने ती वाट करारात लिहून घेतली. फ्लॅट मिळाला, त्यात दादूस राहतो. वाटेवर आता भिंत आहे. जवळा सुकायचा तिथे गाड्या उभ्या असतात.

कायद्याच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा मी करार म्हणजे काय ते आईला शिकवायचा प्रयत्न केला होता. एकाने प्रस्ताव ठेवायचा, दुसऱ्याने तो स्वीकारायचा, दोघांनी एकमेकांना मोबदला द्यायचा. दोघं राजी पाहिजेत, सज्ञान पाहिजेत, शुद्धीवर पाहिजेत. आई बोंबील साफ करत होती.

"यात नवीन काय गो? गिऱ्हाईक म्हनतंय देतीस का, मी म्हनतंय घे. पैसा या हातात, मावरा त्या हातात. पिलेल्याशी न् पोरासोराशी सौदा करायचा नाय. याला कॉलेज लागला?"

"आणि समोरचा काहीच बोलला नाही तर, आय?"

"तर मावरा टोपलीतच. गप्प बसलेल्या गिऱ्हाइकाला मी कवा मावरा बांधून दिलाय?"

हा प्रश्न मी तेव्हा गंमत म्हणून विचारला होता. आईचं उत्तर मला पुढे उपयोगी पडलं.

३. नारळ. हे कलम नीट वाचावं. दावा इथेच टिकेल किंवा इथेच बुडेल.

खारबंदरात बोललेल्या शब्दाला नारळ लागतो. लग्न ठरलं, होडी विकली, भांडण मिटलं, की एकाने शेंडीचा नारळ पुढे करायचा आणि दुसऱ्याने तो दोन्ही हातांनी घ्यायचा. घेतला की शब्द झाला. घेतला नाही तोवर काहीच झालं नाही. म्हणून आमच्याकडे 'नारळ दिला' म्हणजे शब्द दिला. इमारत उभी राहिल्यापासून काळुराम शेठ दर नारळी पौर्णिमेला बाबांकडे नारळ घेऊन यायचे. "दामाजी, थोडा दम धर. पुढच्या पुनवेला वाट मोकळी." बाबा दोन्ही हातांनी घ्यायचे. ३० ऑगस्ट २०२३ ची पौर्णिमा ही शेवटची. २०२४ ला ते आले नाहीत, आणि दिवाळीनंतर भिंत उठली.

बाबांनी पोलीस ठाण्यात तक्रार दिली. ते बोलले तसं तिथल्या माणसाने लिहून घेतलं: '३० ऑगस्ट २०२३ रोजी काळुराम शेठ यांनी मला नारळ दिला. त्यानंतर ते आले नाहीत.' खाली बाबांची सही. त्यानंतर काही आठवड्यांतच बाबा गेले.

मी ज्यांच्या हाताखाली काम करते त्या ॲड. हेमा आनंद गुप्ते यांचं ऑफिस वर्तकनगरला त्यांच्या घरातच आहे. तक्रारीची नक्कल मी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वाचली, मग पुन्हा वाचली.

"वर्षाली, म्हणजे काळुरामने त्याच दिवशी स्पष्ट नकार दिला होता?"

"नकार कुठे, ताई?"

"अगं, इथे लिहिलंय की. नारळ दिला. हाकलून दिलं."

"नाही हो. नारळ दिला म्हणजे शब्द दिला."

हेमाताईंनी पेन खाली ठेवलं. "आमच्या घरात नारळ देतात तो कामावरून काढताना. नारळ दिला, घरी बसवलं. तू सांगतेस तो अर्थ मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतेय."

"पण बाबांना..."

"बाबांना विचारता येणार नाही आता. हा कागद जो वाचेल त्याच्या घरात नारळ कशासाठी देतात, एवढंच महत्त्वाचं."

करार पुरा करून घ्यायचा दावा तीन वर्षांत करावा लागतो. करारात तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून. आमच्या करारात तारीख नाही, 'इमारत उभी राहिल्यावर' एवढंच आहे. तारीख नसेल तर समोरचा नकार देतोय हे कळल्यापासून. माझ्या मते नकार म्हणजे भिंत, आणि तसं धरलं तर अजून वर्षाहून जास्त वेळ आहे. पण 'नारळ दिला' म्हणजे नकार, असं कोणी धरलं तर तीन वर्षं येत्या ३० ऑगस्टला संपतात. त्या दिवशी रविवार आहे. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर कायदा कोर्ट उघडेल तो दिवस देतो. पण त्या सोमवारच्या भरवशावर मी होडी सोडणार नाही. बाबा ज्याला शब्द समजले तोच नकार ठरून वाट बुडावी, आणि तीही त्यांच्या स्वतःच्या सहीने, हे मी होऊ देणार नाही.

कोणी म्हणेल, शेठ दरवर्षी कबूल करत होते, मग मुदत वाढली. वाढली नाही. मुदत वाढवायला कबुली लेखी लागते, सहीची लागते, आणि मुदत संपायच्या आत लागते. नारळावर सही नसते.

काळुराम शेठना दोन्ही अर्थ माहीत आहेत. ते खारबंदरातही जेवलेत आणि वकिलांच्या ऑफिसातही बसलेत.

४. ते घरी आले तो दिवस. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात काळुराम शेठ आमच्या खोलीवर आले. बरोबर दोन माणसं, ती दारातच उभी राहिली. आईने चहा ठेवला. लहानपणी मी त्यांना काळूकाका म्हणायचे, तसंच तोंडात आलं.

"काय गो पोरी, वकील झालीस. बरा झाला. दामाजी असता तर नाचला असता."

"काका, वाट सोडा. मला दाव्याची हौस नाही."

"कंची वाट? पानी तिथंच हाय, कोन घेऊन गेलंय?" त्यांनी चहा बशीत ओतला. "हे बघ. या पुनवेला मी स्वता येतो नारळ घेऊन. तवा बसू, बोलू. तवर कागदबिगद काय करू नको. आन काहीच बोलली नाहीस, तर मी हो समजेन."

"गप्प राहणं म्हणजे होकार नसतो, काका. कायद्यात तसं चालत नाही."

"कायद्यात नसंल." ते हसले. त्यांचं हसू अजून लहानपणी पाहिलं तसंच आहे, याचं मला वाईट वाटलं. "पन गप्प झालेला मानूस परत येऊन नाय म्हनतंय का कधी?"

आईच्या हातून गाळणं पडलं. त्यांनी ते उचलून दिलं. जाताना दारात थांबले.

"संध्याकाळी नाल्याच्या कडेने येतेस ना, एकटी? तिथं एकच दिवा हाय. सांगतो मी म्युन्शिपाल्टीत, अजून बसवायला."

दुसऱ्या संध्याकाळी तो एक दिवाही बंद होता. आजपर्यंत पेटलेला नाही. मी तक्रार केली आहे, तिची पोच याला जोडली आहे.

यंदाची पौर्णिमा शुक्रवारी, २८ तारखेला आहे. पौर्णिमेला नारळ, शनिवारी 'उद्या बघू', रविवारी तीन वर्षं पुरी. ते मला पौर्णिमेपर्यंत थांबायला का सांगत होते, ते मला त्याच संध्याकाळी त्या अंधारात चालताना कळलं. म्हणून मी थांबले नाही.

५. माझा हिस्सा कोणाला. कलम दोनमध्ये लिहिलेला माझा सगळा हिस्सा, जागेतला आणि हक्कातला, मी माझी पुतणी कुमारी पायल दिपेश नाखवा हिला देते. ती सज्ञान होईपर्यंत त्याची व्यवस्था आई आणि हेमाताई या दोघींनी मिळून पाहावी.

आईला वाटलं होतं मी हिस्सा तिला देईन. आय, रागावू नकोस. तू उद्याच्या दाव्यात माझ्याबरोबर आहेस, वकीलपत्रावर तुझा अंगठा झाला आहे. पण मी नसले तर लोक तुझ्याकडे येतील, रडतील, पाया पडतील, दादूसची शपथ घालतील. गिऱ्हाइकासमोर तू कधी हरली नाहीस. मुलासमोर हरशील.

पायल आठ वर्षांची आहे. अज्ञान मुलाने केलेला करार हा करारच नसतो. तिच्याकडून कोणी सही घेतली, अंगठा घेतला, खाऊ देऊन काही लिहून घेतलं, तरी त्या कागदाची किंमत शून्य. तिच्या वतीने दुसऱ्या कोणाला जागा विकायची किंवा दावा मिटवायचा असेल तर आधी कोर्टाची परवानगी काढावी लागेल, आणि यात तिचं काय भलं आहे ते उघडपणे सांगावं लागेल. आमच्या घरात जिची सही किंवा अंगठा कायद्यात धरला जात नाही अशी ती एकटीच आहे, म्हणून हिस्सा तिच्याकडे.

पण ती लहान आहे म्हणून मुदत थांबेल, असं कोणी समजू नये. एकदा चालू झालेली मुदत पुढे कोणासाठी थांबत नाही. लहानासाठी नाही, आजाऱ्यासाठी नाही, मेलेल्यासाठीही नाही. मी नसले तरी दावा याच आठवड्यात दाखल झाला पाहिजे. टाइप केलेला दावा हेमाताईंच्या ऑफिसात आहे, वारसाचं नाव घालायला जागा सोडली आहे.

पुढचं वाक्य लिहायला मला फार वेळ लागला. पायल सज्ञान होण्याआधी तिचं काही बरंवाईट झालं, तर हा हिस्सा तिच्या आईवडिलांना न जाता खारबंदर मच्छीमार मंडळाच्या चौदाही सभासदांना मिळून जाईल, आणि चौदा जणांच्या सह्यांशिवाय त्यातला वीतभर तुकडाही देता येणार नाही. हे चौदा जण गणपतीच्या मांडवाच्या रंगावरसुद्धा आजवर एकमत झालेले नाहीत. त्यामुळे पोरीला हात लावून कोणाचा काहीही फायदा होणार नाही. हे ज्यांनी वाचावं असं मला वाटतं, त्यांना या कलमाची नक्कल पोचवावी.

६. लहान वस्तू. काळा कोट क्षिप्राला. ती हेमाताईंकडे माझ्याबरोबर काम करते, तिचा कोट कोपरात फाटला आहे आणि ती फाईल आडवी धरून तो लपवते. कायद्याची पुस्तकं दिव्यातल्या ज्या मुलीला वकील व्हायचं असेल तिला. पदवीची चौकट आईने बाबांच्या वल्ह्याशेजारी टांगली आहे, ती तिथेच राहावी.

कॉलेजातल्या दीप्तीने माझं मुदतीच्या कायद्याचं पुस्तक नेलं त्याला तीन वर्षं होऊन गेली. आता ते परत मागायचा माझा दावा त्याच पुस्तकाप्रमाणे मुदतबाह्य आहे. पुस्तक तिला दिलं असं समजावं. पण मी फोन केल्यावर "कुठलं गं पुस्तक?" असं ती म्हणाली होती, ते मी विसरलेले नाही.

बाबांची जाळं विणायची लाकडी सुई पायलला. मी तिला एकदा तीन डोळे विणायला शिकवले आहेत. बाबा म्हणायचे, मोठा मासा जाळं फाडून जातो. मी म्हणायचे, मग पुन्हा विणायचं, बाबा. त्यांना हे भाबडं वाटायचं. मला अजून वाटत नाही.

७. दादूस. दिपेश दामाजी नाखवा याला बाबांचा पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं. तो फेकला की बाबांसारखा पूर्ण गोल उघडणारा आमच्यात तू एकटाच आहेस.

दादूसने त्याचा हिस्सा काळुराम शेठना सोडून देणाऱ्या कागदावर जानेवारीत सही केली. त्याचे दोन डंपर त्यांच्याच साइटवर चालतात. त्याच दिवशी आई आणि मी त्याचं घर सोडलं. आईला तसंही अकराव्या मजल्यावर झोप लागत नव्हती. तिथून खाडी दिसते, पण वास येत नाही. त्या दिवशी जे बोलणं झालं ते इथे लिहिते, कारण ते माझ्याशिवाय कोणी ऐकलेलं नाही.

"तू कोर्टात तारखा घेत बस. इथे माझे डंपर उभे राहतील त्याचं काय? पायलची शाळा तुझं कलम चालवणार?"

"बाबांची वाट आहे ती, दादूस."

"अगं बाबा गेला ना त्या वाटेपायीच!"

बोलल्यावर त्याला कळलं तो काय बोलला. त्याने दार धरलं. मी विचारलं, "म्हणजे काय?" तो म्हणाला, "काही नाय. जा तू." त्यानंतर आजपर्यंत आमच्यात त्यावर शब्द नाही. मी पुन्हा विचारलं नाही, कारण तो उत्तर देईल अशी मला भीती वाटते.

दादूस, मी तुझा हिस्सा परत आणू शकत नाही. तू सज्ञान आहेस आणि शुद्धीवर होतास. पण माझा हिस्सा मी तुझ्या पोरीला दिला आहे. आता त्या वाटेवर कोणाला भिंत ठेवायची असेल तर ती तुझ्या मुलीच्या अंगणात ठेवावी लागेल, आणि तुला ती रोज अकराव्या मजल्यावरून बघावी लागेल. तुझ्यावर मला एवढाच दबाव टाकता आला.

आणखी एक. दिवाणी हक्काला मुदत असते, तीन वर्षं, बारा वर्षं, जशी असेल तशी. गंभीर गुन्ह्याला मुदत नसते. दहा वर्षांनी सांगितलं तरी चालतं, वीस वर्षांनी सांगितलं तरी चालतं. तुला कधी काही सांगावंसं वाटलं तर उशीर झाला असं मनात आणू नकोस. मी यापुढे काही लिहीत नाही.

प्राप्तीवहिनी, पायलला शाळेतून तुम्ही स्वतः आणा. कोणी 'शेठनी गाडी पाठवली आहे' म्हणालं तरी.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. हेमा आनंद गुप्ते यांनी करावी. त्या आधी नाही म्हणाल्या. "माझ्या वयाच्या बाईने तुझं मृत्युपत्र अमलात आणायचं? उलटं झालं सगळं," असं म्हणून आत गेल्या, पाणी पिऊन आल्या आणि हो म्हणाल्या. त्यांचा होकार लेखी घेतला आहे.

माझ्या मरणाचं कारण अपघात असं कोणी लिहू लागलं, तर त्या वेळी भरती होती की ओहोटी, आणि नाल्यावरचा दिवा चालू होता की बंद, हे आधी विचारावं.

९. शेवटचं. काळुराम शेठ पौर्णिमेला येतील. मी तिथे नसेन तर ते म्हणतील, पोरगी काही बोलली नाही, म्हणजे तयार होती. त्या वेळी हे कलम मोठ्याने वाचावं. त्यांनी माझ्या आईसमोर, तिच्याच हातचा चहा पीत, मला एक प्रश्न विचारला होता, की गप्प झालेला माणूस परत येऊन नाही म्हणतो का. मृत्युपत्र त्यासाठीच असतं, काका. मी बोलत असेन तोवर माझं उत्तर नाही. मी गप्प झाले तर हा कागद नाही म्हणेल, आणि जितक्या वेळा वाचाल तितक्या वेळा म्हणेल.

ठिकाण: दिवा
दिनांक: २३ ऑगस्ट २०२६, रविवार

भर, सही करण्यापूर्वी. वरचा मजकूर पुरा करून मी साक्षीदारांना बोलावलं. पहिली क्षिप्रा आणि दुसऱ्या शेजारच्या कलावती मावशी, या बाजारात आईच्या बाजूला बसतात. यांपैकी कोणाला दाव्यातून काही मिळणार नाही, क्षिप्राला फक्त जुना कोट मिळेल. हेमाताईंना फोनवर ते चाललं नाही, कारण साक्षीदाराला काही मिळणार असेल तर त्याच्या साक्षीवर शंका घेतात, म्हणून तो कोट आता पुस्तकांबरोबर त्याच मुलीला द्यावा. क्षिप्रा, माफ कर.

मावशी आत आल्या त्या मागे बघत. "वर्षाली, तुझ्या दारात कोनी ठेवलाय गो?"

उंबऱ्याबाहेर नारळ होता. सोललेला, शेंडी पूर्ण तासलेली. कुंकू लावलेलं. गल्लीत कोणी नव्हतं. पौर्णिमेला अजून पाच दिवस आहेत.

आईने पदर कमरेला खोचला आणि तो लाथेने उडवायला निघाली. मी तिला थांबवलं. मावशींनी विचारलं, "आता याचा अर्थ काय? शब्द दिला का हाकलून दिला?"

मला माहीत नाही. ज्याने ठेवला तो सांगायला थांबला नाही. पण प्रस्ताव कोणताही असो, तो स्वीकारल्याशिवाय करार होत नाही, आणि खारबंदरात नारळ दोन्ही हातांनी घेतल्याशिवाय शब्द होत नाही. म्हणून साक्षीदारांना विनंती करते की माझ्या सहीबरोबर त्यांनी हेही पाहिलं असं लिहावं.

(सही) वर्षाली दामाजी नाखवा

साक्षीदार क्रमांक एक: वर्षाली नाखवा हिने शुद्धीत, आमच्या दोघींच्या देखत सही केली. आम्ही तिच्या देखत केली. नारळ उंबऱ्याबाहेर आहे. तिने त्याला हात लावलेला नाही.
(सही) क्षिप्रा अपूर्व देवधर, वर्तकनगर, ठाणे

साक्षीदार क्रमांक दोन: कलावती मधु वैती, दिवा पूर्व. डाव्या हाताचा अंगठा. त्यांनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत क्षिप्राने लिहून, वाचून दाखवलं: 'मी बघितलाय. पोरीनं नारल घेतला नाय.'